कॉम्फ्री आळ्यात हवी. गोठ्यात आणि ताटात नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरची बाग, परसबाग आणि पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर आखलेली टिकाऊ शेती, यांवर आपल्या पुरवणीत नेमाने मजकूर येतो, याचे समाधान आहे. या चर्चेत हल्ली कॉम्फ्री या लवदार पानांच्या परदेशी झाडाचे नाव हटकून निघते आणि त्याची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते: खत, चारा आणि औषध, तिन्ही एका झाडात. यातले खत खरे आहे. चारा आणि औषध या दोन शब्दांवर विसंबले तर मात्र जनावराचे आणि माणसाचेही यकृत कायमचे बिघडू शकते. शिवाय खताच्या ज्या कृती सर्वत्र फिरतात, त्या इंग्लंडच्या हवेला बेतलेल्या आहेत. नाशिकच्या एप्रिलला आणि इथल्या काळ्या मातीला त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पाऊस ओसरला की लागवडीचे दिवस येतील. त्याआधी हे छापून यावे म्हणून हे पत्र.

आधी विषाचे. कॉम्फ्रीच्या पानांत, आणि त्याहून जास्त मुळांत, पायरोलिझिडीन गटातील अल्कलॉइड, म्हणजे एक प्रकारची विषारी द्रव्ये, असतात. ते पोटात गेले की आपले यकृतच त्यांचे रूपांतर घातक द्रव्यात करते आणि त्याचा पहिला मार यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. त्या बुजत जातात, पोटात पाणी साठू लागते. थोडे थोडे खाल्ले तरी नुकसान साचत जाते आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. कोवळ्या पानांत हे प्रमाण जून पानांपेक्षा जास्त असते, आणि भाजी-भज्यांसाठी नेमकी कोवळी पानेच खुडली जातात. शिजवले किंवा तळले की विष गेले, असे समजू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली उत्पादकांना पोटात घेण्याच्या पूरक पदार्थांतून कॉम्फ्री काढून टाकायला सांगितले. या गटातील विषाचा अनुभव आपल्या देशालाही आहे. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात यकृताच्या याच विकाराची साथ आली होती. गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातकुळीतील रानबिया मिसळल्या गेल्या होत्या आणि त्या बियांत याच गटातील अल्कलॉइड होते.

आपल्याकडे धोका वाढतो तो नावामुळे. कॉम्फ्रीचे इंग्रजी लोकनाव ‘निटबोन’, म्हणजे हाड सांधणारी. त्याचे मराठी करायला गेले की ‘हाडजोड’ होते, आणि हाडजोड ही तर आपली कांडवेल. चौकोनी कांड्यांची, पाने नावापुरती असलेली ती वेल पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. तिची चटणी होते, पापडात तिचा रस पडतो. कॉम्फ्रीचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. कॉम्फ्रीला वेल नसते. जमिनीलगत लांबट, खरखरीत, लवदार पानांचा गड्डा असतो आणि मधून दांडा येऊन जांभळट घंटांसारखी फुले लोंबतात. विक्रेत्याने हाडजोड म्हणून लवदार पानांचे रोप हातात दिले, तर त्याचा काढा करू नये, चटणीही करू नये. मलमाचा प्रश्न वेगळा आहे. कॉम्फ्रीतील अ‍ॅलँटॉइन या कातडी भरून आणणाऱ्या द्रव्यामुळे बाहेरून लावायची मलमे मिळतात, पण तीही न फाटलेल्या त्वचेवर, थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून वापरायची. पान वाटून उघड्या जखमेवर बांधणे, किंवा गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांना कुठल्याही रूपात देणे सरळ टाळावे.

चाऱ्याबद्दलही तेवढेच स्पष्ट बोलायला हवे. पानांत प्रथिने भरपूर आहेत, म्हणून एके काळी परदेशात कॉम्फ्रीचा चारा म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण हे अल्कलॉइड दुधात उतरतात. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुणालाही कॉम्फ्री घालू नये. बांधावर लावलीच तर शेळ्यांच्या वाटेवर नको.

आता बागेकडे. पर्माकल्चरची मांडणी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली. कॉम्फ्रीचा बागेतला वापर नावारूपाला आणला तो इंग्लंडच्या लॉरेन्स हिल्स यांनी. एसेक्स परगण्यातल्या बॉकिंग गावी १९५० च्या दशकात त्यांनी रशियन कॉम्फ्रीचे वेगवेगळे प्रकार लावून पारखले आणि त्यांना क्रमांक दिले. त्यातला चौदावा, म्हणजे बॉकिंग-१४, बागेसाठी उत्तम ठरला, कारण त्याला बी धरत नाही आणि तो रानोमाळ पसरत नाही. खरेदी करताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी फसवणूक टळते. ‘बॉकिंग-१४ चे बी’ असे लिहिलेले पाकीट कुणी विकत असेल, तर आत दुसरेच काही आहे. बियांपासून येते ती साधी कॉम्फ्री. ती स्वतः बी टाकते आणि वाफ्या-वाफ्यांतून उगवत राहते. बॉकिंग-१४ फक्त मुळाच्या तुकड्यावरून किंवा गड्डा फोडून वाढवता येते. परदेशातून येताना कुणी सामानात मुळे घेऊन येण्याचा विचार करत असेल, तर तो सोडून द्यावा. वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) २००३ च्या आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि ते योग्यच आहे.

टास्मानिया काय, इंग्लंड काय, दोन्ही थंड आणि ओलसर मुलूख. तिथे कॉम्फ्री हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळाभर वाढते. नाशिकला हे चक्र उलटे फिरते. इथली थंडी तिला मानवते, खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. म्हणून मुळे लावायची ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. म्हणजे उन्हाळ्याआधी झाडाला चार महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेले रोप जेमतेम मूळ धरते आणि उन्हाच्या तडाख्यात जाते.

पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून जाड मुळाचे ५ ते ७ सेंटीमीटरचे तुकडे करावेत. वरचे टोक कुठले हे कळत नसेल तर तुकडा आडवा ठेवावा, ५ सेंटीमीटर खोल. दोन झाडांत ६० ते ९० सेंटीमीटर अंतर लागते. सुरुवातीला ते उगाच मोकळे वाटते, पण दुसऱ्या वर्षी पाने एकमेकांना भिडतात. जागा सकाळचे ऊन आणि दुपारी बारानंतर सावली अशी हवी. शेवग्याच्या किंवा पेरूच्या पूर्वेला छान जमते. काळ्या चिकण जमिनीत सपाट लावू नये. पावसाळ्यात पाणी साचते आणि गड्डा कुजतो. २० ते २५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करून त्यात प्रत्येक झाडामागे घमेलेभर कुजलेले शेणखत मिसळावे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला वाफा आणखी उंच हवा. सिन्नर-येवल्याकडे पावसाची भीती कमी, तिथे उन्हाळ्यात ठिबक आणि पाचटाचे आच्छादन यांवाचून झाड टिकणार नाही.

गच्चीवर लावायची तर ४५ सेंटीमीटर खोल आणि ५० लिटर मापाचे भांडे ही किमान गरज आहे. ओल्या मातीसह असे भांडे ६०-७० किलो किंवा त्याहूनही जास्त भरते, तेव्हा ते तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावे. पसरट ट्रे, रंगाच्या छोट्या बादल्या यांत कॉम्फ्री लावण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात दुपारी पाने लोळागोळा झालेली दिसतात आणि माणूस घाबरून पाणी ओततो. इथे बरीच झाडे हकनाक जातात. दुपारी माती बोटभर खोल तपासावी. ओल असेल तर पाणी देऊ नये, पाने संध्याकाळी आपोआप उभी राहतात. गरम आणि सतत चिंब मातीत गड्डा सडतो, आणि सडलेल्या गड्ड्याची पानेही कोमेजतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटते पाणी कमीच पडले. कोरड्या हवेत पानांवर भुरी येते. द्राक्षवाल्यांनी त्याने दचकू नये. कॉम्फ्रीवरच्या भुरीची बुरशी वेगळी, ती द्राक्षाला लागत नाही. पाने जमिनीलगत कापून कंपोस्टात घालावीत, नवी स्वच्छ येतात.

पहिल्या वर्षी पाने कापायची नाहीत, फक्त फुलांचा दांडा खुडायचा. दुसऱ्या ऑक्टोबरपासून झाड ६० सेंटीमीटर झाले आणि फुलोरा येऊ लागला की जमिनीपासून ५ सेंटीमीटर ठेवून विळ्याने कापावे. मार्चच्या मध्यापर्यंत दर पाच-सहा आठवड्यांनी एक, अशा तीन-चार कापण्या मिळतात. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत हात लावू नये, उन्हाळ्यात त्या पानांची सावली गड्ड्यालाच लागते. जमलेल्या झाडामागे एका कापणीला किलोभर पाने धरून चालावे. हातमोजे घालावेत, लव टोचून खाज सुटते. आणि सतत कापले जाणारे हे झाड स्वतः नत्राचे भुकेले आहे, हे विसरू नये. वर्षाला ४-५ किलो शेणखत दिले नाही तर तिसऱ्या वर्षी पाने हातभराची वीतभर होतात.

इथे एका लाडक्या समजुतीबद्दल लिहायला हवे. कॉम्फ्रीचे मूळ खोल जाते आणि खालची खनिजे वर ओढून आणते, असे सांगितले जाते. मूळ खोल जाण्याची तिची ताकद खरी आहे, पण त्यासाठी खाली माती हवी. आपल्याकडे अनेक ठिकाणी फूट-दीड फुटावर मुरूम आणि त्याखाली बसाल्टचा कातळ लागतो. तिथे हे मूळ पाताळातून काही आणत नाही. जे वरच्या थरात आहे तेच पानात साठवते. म्हणजे बागेतल्या एका कोपऱ्यातले अन्नद्रव्य आपण दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. हेही उपयोगाचे आहे, पण ती काही नवी कमाई नव्हे.

कॉम्फ्रीची खरी ख्याती पालाशासाठी (पोटॅशसाठी) आहे, आणि आपल्या काळ्या जमिनींत उपलब्ध पालाश बहुधा मध्यम ते भरपूर असतो. तुटवडा असतो तो नत्राचा, स्फुरदाचा, सेंद्रिय कर्बाचा, आणि चुनखडीमुळे लोह-जस्ताचा. द्राक्षबागेत आधीच पालाश वाढलेला असताना आणखी देत गेले तर वेल मॅग्नेशियम कमी उचलते आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. म्हणून द्राक्षाला कॉम्फ्रीचे पाणी देण्याआधी माती आणि देठ यांची तपासणी करावी. कुंड्यांतल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, गोष्ट निराळी. तिथले अन्नद्रव्य पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून गच्चीवरच्या टोमॅटो, मिरची, वांगी, दुधी यांना कॉम्फ्रीचे पाणी खरोखर लाभते.

हे पाणी करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी: झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये १५ लिटर पाण्याला १ किलो पाने, तीही चिरून आणि गोणपाटाच्या पिशवीत बांधून, वर वीट ठेवून बुडवलेली. थंडीत चार ते पाच आठवडे लागतात, एप्रिलमध्ये दोन-तीन आठवड्यांत काम होते. पाणी गडद तपकिरी झाले आणि पाने विरघळली की दुहेरी कापडातून गाळावे. इंग्लंडमध्ये हे पाणी तसेच घालतात. आपल्याकडे मार्चनंतर कुंडीत देताना तेवढेच साधे पाणी मिसळावे, आणि तेही आधी भिजवलेल्या मातीत. दुसरी रीत बिनपाण्याची: तळाला भोक पाडलेल्या बादलीत पाने दाबून भरायची, वर वजन ठेवायचे आणि खाली बाटली. १०-१५ दिवसांत काळा दाट अर्क ठिबकू लागतो. तो १५ ते २० पट पाण्यात मिसळूनच द्यायचा, नाहीतर मुळे भाजतात. या रीतीला वास कमी, जागाही कमी लागते, म्हणून फ्लॅटमध्ये हीच बरी. अर्काच्या बाटलीचे झाकण ढिले ठेवावे. आत वायू धरतो आणि घट्ट बाटली फुगून फुटते.

पहिल्या रीतीला दुर्गंधी येते आणि ती रास्त तक्रार असते. हवेविना प्रथिने कुजली की तसा वास येणारच. त्याहून गंभीर गोष्ट डासांची. असे कुजके पाणी क्युलेक्स डासांना अंडी घालायला आवडते. झाकणाखाली सुती कापड ताणून दोरीने बांधावे. नुसते झाकण ठेवून भागत नाही, कडेच्या फटीतून डास जातो. लोखंडी पिंप घेऊ नये, गंजते. ठिबकच्या व्हेंच्युरीतून, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून, हे पाणी सोडू नये. लवेचे बारीक तंतू गाळूनही उरतात आणि ड्रिपर बुजतात. झारीने किंवा तांब्याने बुंध्यापासून वीतभर दूर घालावे. फळ धरल्यापासून दर आठ-दहा दिवसांनी, १२ इंची कुंडीला एक लिटर पुरते. कोवळ्या रोपांना आणि आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना ते नको. द्राक्षाच्या घडांवर, टोमॅटोच्या फळांवर, कोथिंबिरीवर फवारणे तर नकोच नको. कुजलेल्या द्रवातील जंतू आणि अल्कलॉइड दोन्ही खाण्याच्या भागावर बसतात.

पानांचे आच्छादन करायचे तर डाळिंब, आंबा, पेरू, लिंबू अशा फळझाडांच्या आळ्यात करावे. पाने एक-दोन दिवस सावलीत सुकवून ५ सेंटीमीटर थर द्यावा, खोडापासून १५ सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी आणि वर पाचट किंवा वाळका पाला टाकावा. उघडे ठेवले तर पाने वाळून कागद होतात आणि नत्र हवेत जाते. भर पावसाळ्यात हिरवे आच्छादन नको, त्याखाली गोगलगायी माजतात. मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या वाफ्यात मात्र कधीच नको. याच गटातील अल्कलॉइड असलेल्या झाडांचे आच्छादन केल्यावर ते शेजारच्या पिकांच्या मुळांतून थोडेफार आत जातात, असे जर्मनीतील प्रयोगांत दिसून आले आहे. कंपोस्टात एक पाटी कॉम्फ्रीला तीन पाट्या वाळका पाला घालावा. नुसती पाने ढिगाने घातली तर चिखल होतो. मुळाचा तुकडा कंपोस्टात गेला तर पुढच्या वर्षी खत टाकाल तिथे कॉम्फ्री उगवेल.

याच कारणाने द्राक्षाच्या ओळींत, किंवा जिथे कधीही रोटाव्हेटर फिरू शकतो अशा जागी कॉम्फ्री लावू नये. एकदा पात्यांखाली गड्डा आला की एका झाडाची पन्नास होतात. नको झालेली कॉम्फ्री नांगरून जात नाही. खोल खणून गड्डा काढावा, वर जाड पुठ्ठा आणि काळे प्लास्टिक घालून एक पूर्ण हंगाम झाकून ठेवावे, आणि तरी कडेने फुटले तर पुन्हा खणावे. एकदा जमलेले झाड वीस वर्षे जगते, तेव्हा जागा आधी ठरवावी.

आणि ज्यांच्याकडे बांध आहे त्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. तुम्हाला कॉम्फ्रीची गरजच नाही, गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. मृगाच्या पावसात मीटर-सव्वा मीटर लांबीच्या, मनगटाएवढ्या जाड फांद्या बांधावर ५० सेंटीमीटरवर रोवल्या की त्या जगतात. पुढल्या वर्षापासून मीटरभर उंचीवर वर्षातून दोन-तीनदा छाटा. वाळलेल्या पानात साधारण ३ टक्के नत्र असते, आणि शेंगवर्गीय असल्याने ते हवेतून आलेले असते. आपल्या जमिनीत जे कमी आहे तेच हे झाड देते. पाने दोन-तीन आठवड्यांत कुजतात, पाऊस कमी पडला तरी झाड उभे राहते, आणि सरपण मिळते ते वेगळे. कुंड्यांसाठी पालाश हवाच असेल तर घड उतरवलेल्या केळीचा खुंट चिरून कंपोस्टात घाला, त्यात पालाश भरपूर असतो आणि बहुतेक ठिकाणी तो फेकूनच दिला जातो. कॉम्फ्री खरी शोभते ती गच्चीवर किंवा लहान अंगणात, जिथे बांध नाही, गिरीपुष्प मावत नाही आणि हाताशी दोन-चार भांड्यांएवढीच जागा आहे.

शेवटी रोपवाटिकांना एक विनंती, आणि आपल्या पुरवणीने ती उचलून धरावी असे वाटते. कॉम्फ्रीच्या प्रत्येक पिशवीवर मराठीत चिठ्ठी असावी. तिच्यावर वाणाचे नाव, रोप बियांपासून केले की मुळापासून ते, आणि ठळक अक्षरात एवढे असावे: ‘माणसांनी व जनावरांनी खाऊ नये. ही कांडवेल नव्हे.’ ऑक्टोबरच्या विक्रीआधी अशा चिठ्ठ्या छापून होऊ शकतात.

आपले,
काही परसबागकार वाचक,
नाशिक